इसिडोरच्या बाजातलं लिकेज

इसिडोर मिस्किटाचा एक नियम होता. काही बिघडलं, की दोष वस्तूचा. पेपर वाचता येईना तेव्हा त्याने वर्षभर छापखान्याला नावं ठेवली आणि मग चष्मा केला. पँट कमरेला बसेना तेव्हा त्याचं म्हणणं पडलं, की नवा साबण आल्यापासून कपडे आटायला लागलेत. जोसेफीन, म्हणजे त्याची बायको, हा नियम लग्नापासून सोसत आली होती, कारण त्यात तिची एक सोय होती. इसिडोरने तिला कधी दोष दिला नाही. साबणाला दिला.

यात त्याच्या नोकरीचाही हात होता. मरोळच्या एका कारखान्यात त्याने आयुष्यभर बॉयलर सांभाळला. वाफ कमी पडली की कुठेतरी लिकेज आहे असं समजायचं, शोधायचं, पाना घ्यायचा आणि आवळायचं. पुढे कारखाना गेला, त्या जागी काचेची बिल्डिंग आली आणि इसिडोर लिकेज शोधायची सवय घेऊन गावठाणातल्या घरी बसला. शेजाऱ्यांचा नळ ठिबकला तरी तो पाना घेऊन दारात हजर. शेजाऱ्यांना आधी हे बरं वाटलं, मग त्यांनी नळ घट्ट बंद करायची सवय लावून घेतली.

नोकरीइतकाच जुना त्याचा बाजा. बाजा म्हणजे ट्रम्पेट. बापाकडून आलेला, पोचे पडलेला, पण आवाज असा की वाजायला लागला की गावठाणातली कुत्री आपापल्या घरी जात. गावच्या ब्रास बँडमध्ये इसिडोर बाजा वाजवायचा आणि त्याचा मित्र तुळशीदास मोठा ढोल. तुळशीदास मढचा कोळी, बसमध्ये कंडक्टर होता, आता रिटायर. दर रविवारी प्रॅक्टिसला मढहून मरोळला यायचा, पिशवीत बोंबील घेऊन, त्यामुळे प्रॅक्टिस कधी चुकली नाही.

आता इसिडोरच्या मुलीच्या, टिनाच्या लग्नाकडे यायला हवं, कारण सगळी भानगड तिथून आहे.

ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांच्या लग्नात आदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी असतं. नवरीच्या आंघोळीचं पाणी गावच्या विहिरीतून वाजतगाजत आणायचं. उंबराचं झाड कधीच गेलंय, विहिरीवर लोखंडी जाळी आलीय, भोवती स्कूटरी लागतात, पण लग्न असलं की स्कूटरी हलतात, जाळीचं झाकण उघडतं आणि लाल लुगड्यातल्या बाया गाणी म्हणत विहिरीवर जातात. मिस्किटांच्या घरात यात एक जास्तीची अट होती. कळशी खाली पाण्याला टेकली की घरच्या माणसाने बाजावर एक सूर धरायचा आणि कळशी काठावर येईपर्यंत तो तुटू द्यायचा नाही. असं का, ते कोणाला ठाऊक नव्हतं. विचारलं तर म्हातारे म्हणायचे, "तोडून बघ मग." कोणी तोडून बघितला नव्हता.

मे महिन्यात तो तुटला. इसिडोरच्या पुतणीचं लग्न. कळशी अर्ध्या विहिरीत असतानाच बाजातून सुराऐवजी प्रेशर कुकरसारखं काहीतरी निघालं आणि पुढे नुसतीच फुस्स. पुतणी हसली, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, बँडने लगेच पुढचं गाणं उचललं. पण इसिडोर घरी येऊन पानावरचे फुगे, म्हणजे मैद्याचे तळलेले गोळे, तसेच टाकून झोपला, आणि मिस्किटांच्या घरात फुगे टाकून झोपणं म्हणजे डॉक्टरला फोन करायची वेळ.

जोसेफीनने तसं म्हटलंही. "काय होतंय तुना?"

"मना काय होतंय? बाजात लिकेज हाय."

टिनाचं लग्न नाताळानंतर होतं. कुर्ल्याच्या मर्विनशी. टिना एकुलती एक. तिच्या जन्माच्या दिवशी इसिडोरने हॉस्पिटलच्या गेटवर सूर धरला होता आणि वॉचमनने त्याला रस्त्यापर्यंत सोडायला माणूस दिला होता. तिच्या कळशीचा सूर तुटला असता तर इसिडोर पुढे काय फुंकणार होता? मेणबत्त्याच.

म्हणून तो साकीनाक्याला गेला. तिथे एका गाळ्यात खंडू मिस्त्री पितळ-तांब्याचं झाळकाम करायचा. खंडूने बाजा उलटसुलट पाहिला, रुंद तोंड रबराच्या बोळ्याने बंद केलं, पाण्याच्या पिंपात बुडवला आणि पंक्चरवाला ट्यूबमध्ये हवा भरतो तशी दुसरीकडून हवा सोडली. बुडबुडा आला नाही.

"अंकल, लिकेज नाय."

"परत बघ."

खंडूने परत बघितलं. मग त्याच्या समाधानासाठी एका जोडावर कथलाचा ठिपका लावून दिला. इसिडोर घरी आला, फुंकला, फुस्स. तो परत गेला. खंडूने दुसऱ्या जोडावर ठिपका लावला. तिसऱ्या खेपेला मात्र खंडूने हात पुसले, बाजा तोंडाला लावला आणि आयुष्यात कधी न वाजवलेल्या माणसाने असा काही लांबलचक, बेसूर, म्हशीला लाजवील असा सूर काढला, की समोरच्या गाळ्यातल्याने मशीन बंद करून डोकं बाहेर काढलं.

"बाजा झकास हाय, अंकल. वाजवणाऱ्याला टाका मारायचा तर सांगा."

इसिडोरने बाजा पिशवीत घातला. वाटेत त्याने खंडूबद्दल बराच विचार केला आणि ठरवलं, की पोराने फुंकताना काहीतरी ट्रिक केली.

परतीच्या वाटेवर गावठाणाचा चढ लागतो. चढ कसला, मुलं त्यावर क्रिकेट खेळतात. पण त्या वर्षी इसिडोरला तो चढ लागायला लागला. अर्ध्यात थांबायचं, भिंतीला हात लावायचा, कोणी दिसलं की भिंतीचा गिलावा तपासल्यासारखं करायचं. छाती धडधडायची, कानात बँड वाजायचा, तोही बेताल. यात दोष अर्थातच रस्त्याचा होता. रस्ते वर उचलतायत दरवर्षी, असं त्याने तुळशीदासला सांगितलं. यावर उपाय त्याला एकच सुचला. सायकल घ्यायची.

आणि रविवारी प्रॅक्टिसनंतर दोघं ओट्यावर बसले होते तेव्हा भोंगा लावलेली रिक्षा गल्लीच्या तोंडावरून गेली. भोंगा घसा बसल्यासारखा होता, त्यात मागच्या टेम्पोचा हॉर्न. तरी ऐकू आलं ते स्पष्ट होतं.

"ऐकलास?" इसिडोर म्हणाला. "सायकल सेल. रविवारी शाळेच्या हॉलमध्ये."

"कंच्या कंपनीची?"

"ॲनिमिया."

तुळशीदासने बोंबलाची पिशवी खाली ठेवून विचार केला. "इटालियन वाटते."

"मोफत म्हणला तो."

"सायकल मोफत कशी देल? तपासणी मोफत म्हणला. चालवून बघायची."

हे दोघांनाही पटलं. पुढच्या रविवारी ते हॉलवर गेले. इसिडोरने चष्मा घरी ठेवला होता, सायकलवर चष्मा पडतो म्हणून. तुळशीदासने पँटच्या पायाला क्लिप लावून आणली होती.

हॉलमध्ये रांग होती. रांगेत बाया जास्त, त्यातल्या दोघी गरोदर. या अवस्थेत सायकल कशाला, असं इसिडोरच्या मनात आलं, पण हल्ली डॉक्टर व्यायाम सांगतात. सायकल मात्र एकही दिसेना.

"गोडाऊनला असतील," तुळशीदास म्हणाला.

टेबलाशी दिपाली नावाची तंत्रज्ञ मुलगी बसली होती. तिने नाव-वय विचारलं आणि म्हणाली, "बोट द्या."

इसिडोरने अंगठा दिला.

"अंगठा नाही अंकल, हे बोट."

"आधारला अंगठा चालतो."

"इथे नाही चालत."

आणि तिने टचकन टोचलं. इसिडोरने जन्मभर बरीच खरेदी केली होती, पण माल दाखवायच्या आधी गिऱ्हाइकाचं रक्त काढणारा सेल तो पहिल्यांदा बघत होता. दिपालीने थेंब छोट्या यंत्रात घातला, आकडा बघितला, यंत्र हलवलं, दुसरा थेंब घेतला आणि परत बघितलं. इसिडोरला तिच्याबद्दल एकदम आपलेपणा वाटला. तीही वस्तूला दोष देणाऱ्यांतली होती.

"अंकल, तुम्ही इथवर चालत आलात?"

"मग कसा येणार? सायकल कुठे दिलीस अजून?"

दिपालीने दोघांना उठवून कोपऱ्यातल्या डॉक्टर सईकडे नेलं. सई चष्मा लावलेली, तिशीची, आणि दोन्ही हातांनी एकाच वेळी काहीतरी लिहीत असल्यासारखी घाईत.

"बसा काका. तुमचं हिमोग्लोबिन सात आहे. तेरा तरी हवं."

"सायकलला चालेल का?"

"कुठल्या सायकलला?"

तेव्हा उलगडा झाला. सिकलसेल आणि ॲनिमिया तपासणी शिबिर, असं तिच्या डोक्यावरच्या बॅनरवर हातभर अक्षरात लिहिलं होतं. डॉक्टर सई हसली नाही. ती म्हणाली, "एक मिनिट हं," बॅनरच्या मागे गेली, बॅनर थोडा वेळ हलला आणि मग ती चष्मा पुसत परत आली.

"ॲनिमिया कंपनी नाही काका. ॲनिमिया म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन कमी. तुम्ही छातीत हवा घेता ना, त्यातला ऑक्सिजन अंगभर पोचवायचं काम हिमोग्लोबिनचं. तेच कमी असलं तर तुम्ही कितीही श्वास घ्या, पोचवणार कोण? म्हणून दम लागतो, धडधडतं, थकवा येतो."

"म्हणजे बँडवाले कमी आले," इसिडोर म्हणाला.

"बँड?"

"वरात मोठी हाय, बँडवाले चारच आले. मग चारांनाच पळून पळून वाजवायला लागतं. म्हणून छाती धडधडते."

डॉक्टर सईने पेन खाली ठेवलं. "हो. अगदी तसंच. पण ॲनिमिया हे कारण नव्हे, ती खूण आहे. बँडवाले कमी का आले, ते शोधायचं असतं. शरीरात लोह कमी असेल तर हिमोग्लोबिन बनत नाही. सगळ्यात जास्त ॲनिमिया त्यामुळेच होतो. सिकलसेल वेगळा. तो जन्मापासून, आईवडलांकडून आलेला. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल, मऊ असतात, बारीक वाटेतूनही अंग चोरून जातात. सिकलसेल असला तर त्या विळ्यासारख्या वाकतात आणि कडक होतात. मग अरुंद जागी अडकतात, मागची वाट तुंबते, आणि हाडांत, सांध्यांत, छातीत भयंकर कळा येतात."

इसिडोरने तुळशीदासकडे बघितलं, तुळशीदासने इसिडोरकडे.

"बस्त्यावचा ट्रॉम्बोन," दोघं एकदम म्हणाले.

बस्त्याव हा बँडमधला जुना गडी. एका लग्नात पुढे चालता चालता गावठाणातल्या बोळाच्या वळणावर त्याने ट्रॉम्बोनची दांडी बाहेर ओढली आणि ती दोन भिंतींच्या मध्ये आडवी बसली. ना पुढे जाते, ना मागे येते. मागे अख्खी वरात तुंबली, नवरा घामाघूम, त्यामागून आलेला आइस्क्रीमवाला वितळला. हे डॉक्टर सईला दोघांनी मिळून सांगितलं, त्यात तुळशीदासने आइस्क्रीमवाल्याचं कामही करून दाखवलं. रांगेतल्या बाया पुढे सरकून ऐकायला लागल्या.

"म्हणजे एकात माणसं कमी," इसिडोरने हिशोब मांडला, "आणि दुसऱ्यात बाजे वाकडे."

"आणि वाकडे बाजे लवकर मोडतात, म्हणून माणसंही कमी पडतात," सई म्हणाली. "दम दोन्हीत लागतो. पण लोहाच्या गोळ्या घेऊन वाकडे बाजे सरळ होत नाहीत. त्याचं औषध वेगळं, त्याला कायम डॉक्टरच्या नजरेखाली राहावं लागतं. म्हणून आधी कुठलं काय ते बघायचं आणि मग गोळी."

दिपालीने दोघांचं थेंब थेंब रक्त दोन नळ्यांतल्या पाण्यात टाकलं. मागे रेघांचा कागद धरला. इसिडोरच्या नळीतून रेघा स्वच्छ दिसत होत्या. तुळशीदासची नळी मात्र मच्छी धुतलेल्या पाण्यासारखी गढूळ. इसिडोरला जरा वाईट वाटलं. इतक्या लांबून येऊन त्याच्या नळीत काहीच झालं नाही.

नक्की काय ते मोठ्या तपासणीत कळणार होतं. दोघांनी दंडातून आणखी रक्त दिलं. इसिडोरने बजावून सांगितलं, की आधीच कमी आहे, जपून काढ. पुढच्या रविवारी दोघं परत हजर.

"तुळशीदासकाका," डॉक्टर सई म्हणाली, "घाबरायचं काही नाही. तुम्ही वाहक आहात."

तुळशीदासला याचं आश्चर्य वाटलं. "रक्तात दिसतं ते?"

"हो, रिपोर्टात स्पष्ट आलंय."

"पण मी होतो. आता रिटायर झालो."

"नाही काका, अजून आहात. जन्मभर राहणार."

"मग पगार का थांबवलाय माझा?"

त्याने खिशातून जुनं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. त्यावर फोटोखाली लिहिलं होतं, वाहक. डॉक्टर सई पुन्हा बॅनरच्या मागे गेली. या वेळी दिपालीही गेली.

परत आल्यावर तिने नीट सांगितलं. आईवडलांपैकी एकाकडून सिकलसेलचा गुण आला तर माणूस वाहक होतो. त्याला बहुतेक काही त्रास नसतो, तुळशीदासने आयुष्यभर ढोल बडवला, बस सांभाळली, कधी कळलंही नाही. पण दोघंही वाहक असलेल्या नवरा-बायकोच्या प्रत्येक बाळाला खरा आजार व्हायची शक्यता चारात एक असते. एकच वाहक असला तर बाळाला तो आजार होत नाही, फार तर तेही वाहक होतं.

"मुलं आहेत का तुम्हाला?"

"विपुल. मुलगी बघतोय त्याच्यासाठी."

"मग आधी विपुलची तपासणी करा. तो वाहक निघाला तर मुलीचीही करून घ्या."

तुळशीदासने मान हलवली. "बरोबर हाय. एका बसवर दोन वाहक नको."

"अगदीच नको असं नाही. पण असतील तर आधी कळलेलं बरं. मग पुढचं डॉक्टरशी बोलून ठरवता येतं."

आता इसिडोर पुढे सरकला. "आणि मना काय मिळालं?"

"तुमच्या पेशी सरळ आहेत. लोह कमी आहे, फारच कमी. पण काका, तुमच्या वयाच्या पुरुषाचं लोह असं उगाच संपत नाही. रक्त कुठून तरी जात असणार."

इसिडोर खुर्चीत ताठ बसला. "परत बोल."

"रक्त कुठून तरी हळूहळू गळत असणार."

"म्हणजे लिकेज."

"हो, लिकेज म्हणा."

इसिडोर तुळशीदासकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की रांगेतल्या एका बाईला वाटलं, याला नातू झाला. "मे महिन्यापासून बोंबलतोय मी, लिकेज हाय, लिकेज हाय. कोणी ऐकलं?"

गुडघ्यांसाठी तो रोज काय घेतो, ते सईने विचारलं तेव्हा लिकेजचा पत्ता लागत गेला. बॉयलरच्या शिड्यांनी गुडघे गेलेले. मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणायची आणि सकाळी उपाशीपोटी काळ्या कॉफीबरोबर टाकायची, हे वर्षानुवर्षं चाललेलं. पुढे हॉस्पिटलमध्ये तोंडातून नळी घालून पोट बघितलं. आयुष्यभर त्याने नळीत फुंकलं, आता नळी त्याच्यात गेली. पोटात जखम निघाली, लहानशीच, पण रोज थोडी पाझरणारी. ती गोळी कायमची बंद झाली, जखमेवर औषध सुरू झालं आणि लोहाचं वेगळं.

जोसेफीनने सगळं ऐकून घेतलं. "तुझ्यात लोखंड कमी? मी तर इतकी वर्षं तुझं डोकंच लोखंडाचं धरून चालले होते."

मग ती रडली थोडी, आणि लगेच कपाटावरून लोखंडी कढई उतरवली. त्या दिवसापासून घरात सगळं त्या कढईत शिजायला लागलं. कलेजी, पालेभाजी, तुळशीदासने आणलेल्या तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, इथवर ठीक होतं. पण एके दिवशी चहाही त्यात झाला तेव्हा टिनाने आईला थांबवलं. चहाने उलट लोह अंगी लागत नाही, गोळीच्या आगेमागे तास-दोन तास चहा नको, लिंबूपाणी चालेल, असं डॉक्टरने सांगितलं होतं. इसिडोरने चहाला दोष द्यायची ही संधी सोडली नाही. शेजाऱ्यांनी लाल ते रक्त या हिशोबाने बीट, डाळिंब आणि एकाने टोमॅटो सॉसची बाटली आणून दिली. गोळीमुळे शी काळी होते, त्याने घाबरायचं नाही, हेही डॉक्टरने बजावलं होतं. इसिडोर घाबरला नाही, पण रोज सकाळी चहाच्या टेबलावर त्याबद्दल बातमी द्यायला लागला, तेव्हा जोसेफीनने कढईच उचलली.

तो साकीनाक्यालाही जाऊन आला. खंडूला खरं ते सांगायला हवं होतं.

"लिकेज माझ्यात निघाला, खंडू. आणि लोखंड कमी हाय."

खंडूने गाळ्यातल्या भंगाराच्या ढिगाकडे हात केला. "पायजे तेवढा घेऊन जावा."

हळूहळू चढ सपाट व्हायला लागला. मुंबईतले रस्ते कधी खाली आणत नाहीत, तेव्हा श्रेय इसिडोरला द्यायला लागलं. भिंतीचा गिलावा तपासायचं बंद झालं. दिपालीने पुन्हा बोट टोचलं तेव्हा आकडा अकराच्या पुढे होता. पण बाजा त्याने घरात वाजवला नाही. वाजवायचा तर त्याच संध्याकाळी, असं त्याने ठरवलं. खरं म्हणजे त्याला भीती वाटत होती, आणि भीतीचा दोष कुठल्या वस्तूला द्यायचा ते त्याला सुचत नव्हतं.

टिनाचंही त्या दिवसांत काहीतरी चाललं होतं. मे महिन्यातली फुस्स तिनेही ऐकली होती. तिने जिम लावली. सगळ्यांना वाटलं, गाऊनसाठी. गच्चीवर ती दोरीला भरलेली बादली बांधून खालून वर ओढताना एकदा इसिडोरला दिसली.

"पाणी नाय का आलं?" त्याने विचारलं.

"आलंय. असंच," टिना म्हणाली.

ती संध्याकाळ आली. स्कूटरी हलल्या, जाळीचं झाकण उघडलं, लाल लुगड्यातल्या बायांनी गाणं उचललं. तुळशीदासने ढोल गळ्यात अडकवला होता. विपुलची तपासणी झाली होती, तोही वाहक निघाला होता, आणि तुळशीदास पाहुण्यांना सांगत फिरत होता की नोकरी घराण्यातच राहिली. जोसेफीनच्या आईची तांब्याची कळशी दोरीला बांधून टिनाने विहिरीत सोडली. बायांनी गाणं थांबवलं. खालून डुबुक आवाज आला.

इसिडोरने डोळे मिटले, छाती भरली आणि सूर धरला.

सूर निघाला, सरळ, भरलेला, कुठेही न फाटणारा. त्याला स्वतःलाच नवल वाटलं. आत कितीतरी हवा शिल्लक होती, आणि ती जिथे पोचायला हवी तिथे पोचत होती. सगळे बँडवाले आज कामावर आले होते. आता सावकाश, असं त्याने मनाशी म्हटलं आणि तेवढ्यात काहीतरी थंडगार त्याच्या तोंडावर बसलं.

त्याने डोळे उघडले. कळशी काठावर नव्हती. ती काठाच्या वर, हवेत होती. टिनाने चार महिन्यांच्या जिमची सगळी ताकद लावून दोरी अशी खेचली होती, की कळशी विहिरीतून उडी मारून बाहेर आली, तुळशीदासच्या ढोलावर आपटली आणि वाटेतलं सगळं पाणी लुगड्यांवर, बँडवर आणि नवऱ्याकडच्या पाहुण्यांवर शिंपडून मोकळी झाली. सूर तुटला नव्हता. त्याला तुटायला वेळच मिळाला नव्हता.

टिनाने कळशीत डोकावून बघितलं. तळाला पाणी नव्हतं. नवरीची कळशी रिकामी. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. टिनाच्या डोळ्यांत पाणी जमायला लागलं आणि ती हळूच म्हणाली, "डॅडी, मना वाटलं, तुझा दम पुरणार नाय. म्हणून मी..."

इसिडोरने बाजा काखेत धरला. कळशी तिच्या हातातून घेतली, उलटी केली, बुडाशी डोळा लावला, बोटाने एक पोचा चाचपला आणि पाहुण्यांकडे वळून, बॉयलरसमोर उभा राहायचा त्या आवाजात म्हणाला, "लिकेज हाय."

जोसेफीनने तोंड उघडलं. कळशी तिच्या आईची, लग्नात आलेली, पन्नास वर्षांत एक थेंब न गळलेली. तिने इसिडोरकडे बघितलं, टिनाकडे बघितलं आणि तोंड मिटलं.

"जुनीच झालीय ती," ती म्हणाली.

"परत सोड, बाय," इसिडोर टिनाला म्हणाला. "आणि आरामात ओढ. मना काय घाई नाय."

टिनाने परत सोडली. या वेळी ती इतकी आरामात ओढायला लागली की मध्येच थांबून तिने नाक पुसलं, एका मावशीला हसून दाखवलं आणि फोटोवाल्यालाही बघून घेतलं. इसिडोरचा चेहरा लाल व्हायला लागला, चांगला रक्ताचा लाल, पण सूर दोरीसारखा ताणलेला राहिला. कळशी काठावर टेकली, तुळशीदासने ढोलावर थाप मारली, बायांनी गाणं उचललं, तरी इसिडोर थांबेना. शेवटी जोसेफीनने त्याच्या कोपराला हात लावला. "झाली रे, आली कळशी. आता जेवायला बसू दे लोकांना." त्या रात्री फुगे त्याने स्वतःच्या पानातले खाल्ले आणि तुळशीदासच्या पानातलेही.

लग्न उरकलं, टिना कुर्ल्याला गेली, आणि आठवड्याभराने इसिडोर साकीनाक्याला खंडूच्या गाळ्यात उभा. पिशवीतून त्याने तांब्याची कळशी काढली. खंडूने ती पाण्याने भरली, वर धरली, बुडाखाली तळहात फिरवला. हात कोरडा.

"अंकल, कळशी झकास हाय. कुठेच गळत नाय."

"ठाऊक हाय मना."

"मग?"

"एक ठिपका मार."

"कुठे?"

इसिडोरने कळशी फिरवली आणि पोटावरची, पुढून नजरेत भरणारी जागा दाखवली. "हिकडे. टिना माहेरी आली की दिसेल असा."

खंडूने कथलाची कांडी घेतली आणि चांगला रुपयाएवढा ठिपका मारून दिला.